दंडावरची बोटं

त्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडलाच नाही. जो पडला तो वाऱ्यानंच उडवून नेला. मे संपता संपता खालच्या खोऱ्यातलं गवत करपलं, विहिरीची पवनचक्की नुसती कुरकुरायला लागली आणि म्हाताऱ्या बेन्यात इरिबार्ननं एरवीपेक्षा लवकर मेंढरं वरच्या कुरणावर चढवली. सोबत पेरू देशातून आलेला एक गडी होता. त्याला मेंढरांपाशी ठेवून बेन्यात महिन्यातून एकदा खाली यायचा, कारण महिन्यातला एक शनिवार-रविवार मिरेनचा होता.

मिरेन त्याची नात. सहा वर्षांची. तिची आई कातालिन ही बेन्यातची एकुलती एक मुलगी. पोर तान्ही असताना बर्फावरून गाडी घसरली आणि ती गेली. पोरीचा बाप लोनी रकर तेव्हा कुठं होता कोण जाणे. कुणी म्हणायचं रोडिओच्या खेळात बिथरलेल्या घोड्यांवर बसतो, कुणी म्हणायचं तुरुंगात आहे. दोन्ही खरं असावं. पोर आजी-आजोबांनीच वाढवली. मेंढीच्या दुधावर वाढली, त्यांची बास्क भाषा बोलली, आजीला आमाची आणि आजोबाला आयताची म्हणाली. आणि गेल्या वर्षी हा लोनी उगवला. दाढी केलेला, दारू सोडलेला, सोबत वर्ना नावाची नवी बायको. पलीकडच्या खोऱ्यात त्यानं थोडी गुरं घेतली होती. न्यायाधीश म्हणाला, बाप तो बाप. पोर त्याच्याकडं गेली. म्हाताऱ्यांच्या वाट्याला महिन्याचे दोन दिवस आले.

जूनमधल्या त्या शनिवारी ग्रासीनं, म्हणजे बेन्यातच्या बायकोनं, पोरीला अंगणातल्या टबात बसवलं आणि अंगावर पाणी घालता घालता तिचा हात थांबला.

"बेन्यात, इकडं ये."

तो लगाम शिवत बसला होता. दाभण तसंच हातात घेऊन आला. पोरीच्या डाव्या दंडावर चार डाग होते, पिवळट पडत चाललेले. मागच्या बाजूला एक, अंगठ्याचा.

"कुणी केलं गं हे?" ग्रासीनं विचारलं.

"गाईनं," मिरेन म्हणाली.

"गाईला बोटं असतात?"

पोरीनं पाण्यावर थाप मारली. "पडले होते."

"मिरेन."

"पपांनी धरलं होतं." मग लगेच, "साबण डोळ्यात गेला, आमाची!"

ग्रासीनं पोरीला पुसून कपडे घातले, तिच्यासमोर ब्लड सॉसेज आणि पाव ठेवला आणि बाहेर येऊन नवऱ्यापाशी उभी राहिली. तिचा खालचा ओठ आत गेला होता. तो आत गेला की बोलण्यात अर्थ नसतो हे बेन्यातला लग्नापासून ठाऊक होतं.

"मी तिला परत पाठवणार नाही."

"विचारू तर त्याला."

"काय विचारशील? बाबा रे, मारतोस का पोरीला? आणि तो हो म्हणेल?"

"अगं, पोरंसोरं धडपडतात. आपण नाही का कातालिनला धरून..."

"आपण कातालिनला असं कधी धरलं?"

बेन्यातनं आठवून पाहिलं. धरलं असेल, नसेलही. तीस वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं? त्याला मेंढरू हरवलं तर त्याचे कान आठवायचे, पण आपल्याच हातांनी काय काय केलं ते आठवेना.

रविवारी दुपारी पोरीला रकरच्या फाटकापाशी सोडायचं होतं. त्या वेळी ते तिघं खेचर आणि दोन घोडी घेऊन डोंगर चढत होते. वर पोचल्यावर बेन्यातनं गड्याला सुट्टी दिली. गडी मिरेनकडं पाहून हसला, मग दोघा म्हाताऱ्यांच्या तोंडांकडं पाहून हसायचा थांबला आणि गुमान खाली गेला.

*

वरच्या कुरणावर मेंढपाळाची गाडी होती, कापडी छपराची आणि लोखंडी चाकांची. आत चूल, आडवा पलंग, खाली धान्याचे डबे. ग्रासी आणि पोर आत झोपायच्या, बेन्यात बाहेर कुत्र्यांजवळ. पहाटे गारठा असायचा आणि दुपारी ऊन असं की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहायची.

झऱ्याचं पाणी करंगळीएवढं झालं होतं. बेन्यात फावड्यानं झऱ्याचं तोंड उकरायचा, चिखल काढायचा, दगड लावायचा आणि पाणी लाकडी डोणीत उतरवायचा. मिरेन डब्यानं चिखल दूर नेऊन टाकायची. तिच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखलाचे, तिच्याच शब्दांत, 'मोजे' चढायचे.

"आयताची, मेंढ्यांना तहान लागते तेव्हा त्या रडतात का?"

"ओरडतात."

"रडतात आणि ओरडतात यात काय फरक?"

"ओरडणाऱ्याला वाटत असतं की कुणीतरी येईल."

पोरीनं यावर बराच विचार केला आणि पुन्हा डबा भरला. बेन्यातला वाटलं, हिला तिथलं विचारावं. वर्ना जेवायला काय देते, बाप संध्याकाळी कसा असतो. पण विचारायला तोंड उघडलं की शब्द न्यायाधीशाचे वाटायचे. तो पाठ सरळ करायचा, कंबर दाबायचा आणि म्हणायचा, "आण, डबा आण."

ग्रासी मात्र दिवसातून चारदा खालच्या वाटेकडं पाहून यायची. कोल्ह्या-कोयोटींसाठी ठेवलेली रायफल तिनं पलंगाखालून काढून दाराशी टांगली होती.

"तू झाडणार आहेस ती?" बेन्यातनं एकदा विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं म्हणून तो जास्तच घाबरला.

गोष्ट घडली ती उताराच्या पलीकडं. तिकडं जुन्या काळी कुणी चांदीसाठी खड्डे खणून ठेवले होते. सरळ खाली गेलेले, तोंडावर कुजक्या फळ्या. पोरीला आल्या दिवशीच बजावलं होतं. पण एक कोकरू चुकून तिकडं गेलं आणि पोर त्याच्या मागं. बेन्यातनं पाहिलं तेव्हा ती फळ्यांवर एक पाय टाकून वाकली होती.

या वयात आपण असं पळू शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तिचा उजवा दंड धरला आणि सगळा जोर लावून मागं ओढली. फळी मोडली. तिचे तुकडे खाली गेले आणि आवाज यायला बराच वेळ लागला.

तिथंच थांबायला हवं होतं. पण त्याच्या अंगात जे उसळलं होतं ते थांबेना. पोरीचा दंड त्याच्या मुठीत होता आणि तो तिला गदागदा हलवत होता. "किती वेळा सांगितलं! किती वेळा सांगितलं तुला, कार्टे!"

मिरेन रडली नाही. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, मान खांद्यात ओढली आणि उभी राहिली. पुढं काय येतं याची वाट पाहत असल्यासारखी.

बेन्यातचा हात गळून पडला.

हे डोळे मिटणं हिला कुणी शिकवलं? इथं तर कुणी शिकवलं नाही. की असं करायला कुणी शिकवावं लागत नाही? कोकरूसुद्धा कातरताना डोळे मिटतं. त्याला काही सुधरेना. तो खाली बसला आणि पोरीला मांडीवर घेतलं. 

"दुखलं?"

"थोडं."

"आयताची चुकला."

"कोकरू गेलं का खाली?"

कोकरू झुडपाआडून त्यांच्याकडं पाहत उभं होतं.

संध्याकाळी दंडावर चार बोटं उमटली, जांभळी. त्यानं मेंढीच्या चरबीचं मलम चोळलं आणि तिला लांब बाह्यांचा सदरा घातला. पोर त्याच्या कानाशी आली. "आमाचीला नको सांगू हं. ती रागावेल तुला."

त्याच्या हातातली मलमाची डबी तशीच राहिली. त्याला सांभाळून घेत होती पोर. मग अशी आणखी कुणाकुणाला सांभाळून घेते? त्यानं डबीला झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. ग्रासीला सांगायचं त्यानं दुसऱ्या दिवसावर ढकललं, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एका दिवसावर.

*

ते दोघं सकाळी आले. पुढं डेप्युटी शेरीफ, टॅनर नावाचा थोराड माणूस, भाड्याच्या घोड्यावर कसाबसा तोल सांभाळत. मागं लोनी रकर. लोनी घोड्यावर मात्र जन्मल्यासारखा बसला होता. गड्याला कुठंतरी कुणीतरी विचारलं असणार आणि त्यानं सांगितलं असणार. त्याला तरी कसा दोष द्यायचा?

ग्रासी गाडीच्या पायरीवर उभी होती, रायफल हातात घेऊन. नळी खाली होती, पण फार खाली नव्हती.

"सौ. इरिबार्न," टॅनर लांबूनच म्हणाला, "ती वस्तू आत ठेवा बरं. मला जरा पाय मोकळे करायला उतरायचंय, आणि गोळी खाऊन उतरायचं नाही."

"तिथंच उतर."

टॅनर उतरला, मांड्या चोळत उभा राहिला. लोनी उतरला नाही. त्याचे डोळे पोरीला शोधत होते. मिरेन डोणीपाशी चिखलात होती. तिनं त्याला पाहिलं आणि हात वर केला, ओळखीच्याला करतात तसा. पुढं धावली नाही, मागंही सरली नाही. बेन्यातनं डोळे ताणून पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याला वाचता येईना.

"ठीक आहे ना ती?" लोनीनं विचारलं. आवाज बसला होता. "माझी बायको धड जेवलेली नाही त्या रविवारपासून."

"ठीक आहे का? तू विचारतोस?" ग्रासीचा आवाज चढला. "टॅनर, तू कायद्याचा माणूस ना? मग बघ. डोळ्यांनी बघ आणि मग सांग मला न्यायाधीश काय म्हणाला ते. मिरेन, इकडं ये बाळा."

पोर आली. ग्रासीनं रायफल काखेत दाबली आणि पोरीची बाही सर्रकन वर केली. उजवी बाही.

बेन्यात पुढं व्हायला गेला.

"हे बघ! बोटं मोज! हे..." ग्रासी थांबली. तिनंही आता पाहिलं होतं. तिला माहीत असलेले डाग पिवळे होते, विरत आलेले. हे जांभळे होते, ताजे. ती वाकून पाहू लागली. मग दुसरी बाही वर केली. डावीकडं पिवळट सावली तेवढी उरली होती.

"हे कधीचं?" तिनं पोरीला विचारलं, अगदी हळू.

मिरेन जमिनीकडं पाहायला लागली. टॅनरनं लोनीकडं पाहिलं, लोनीनं टॅनरकडं. पोर इतके दिवस डोंगरावर होती हे हिशेब न करताही सगळ्यांना कळत होतं.

"तो माझा," बेन्यात म्हणाला.

"काय तुझा?" ग्रासीनं विचारलं.

"तो डाग. उजवा. ती खाणीच्या खड्ड्यात जात होती. मी ओढली. ओढली आणि..." त्याला हात कुठं ठेवावेत कळेना. "आणि मग हलवलीही. राग आला होता. भीती होती ती. राग होता. मला माहीत नाही."

 मेंढरांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. टॅनरनं टोपी काढून कपाळ पुसलं.

तेव्हा लोनी घोड्यावरून उतरला. "डावा माझा," तो म्हणाला. "बैल मोकळा होता. ही कुंपणाच्या तारांतून आत शिरत होती. मी पण तसंच... ओढली. आणि मग ओरडलो. हलवलं असेल थोडं."

"बैल," ग्रासी म्हणाली.

"हो, बैल."

"इतके दिवस बैल कुठं होता? फाटकाशी पोरीला आमच्या गाडीत बसवलंस तेव्हा का नाही बोललास बैलाचं?"

"तुम्ही मला नमस्कार तरी करता का फाटकाशी? मी कसं सांगायचं होतं?"

ग्रासी नवऱ्याकडं वळली आणि बास्कमध्ये बोलली, दात आवळून. "तू आधी बोललास. तू बोललास म्हणून त्याला गोष्ट सापडली. आता कसं कळणार मला? सांग, कसं कळणार?"

 लोनीनं जे सांगितलं ते शब्दाशब्दाला बेन्यातचंच होतं. खरं असेल तर तो आणि लोनी एकाच मातीचे. खोटं असेल तर खोटं बोलायचं हत्यार त्यानं स्वतःच्या हातानं पुढं केलं होतं. त्यानं लोनीकडं पाहिलं. उन्हानं चिरलेले ओठ, पाठीत जरा पोक, लगामावर घट्ट झालेली मूठ. चांगल्या माणसाची मूठ कशी असते?

"पोरीला विचारा की," टॅनर म्हणाला. मग स्वतःच गुडघ्यांवर बसला. "बैल होता का गं, बेटा?"

मिरेननं चौघांकडं एकेकदा पाहिलं. "बैलाचं नाव डंपलिंग आहे," ती म्हणाली.

"पण तू त्याच्याजवळ जात होतीस का?"

"मी रोज जाते."

टॅनर गुडघे मोडत उठला. "हे बघा. मला यातलं काही कळत नाही आणि कळतंय असं मी सोंगही करणार नाही. पोर आज बापाबरोबर खाली जाणार. तसा हुकूम आहे. पोर डोंगरावर लपवून तुम्ही नवराबायकोनं जे केलं त्याला कायद्यात एक फार वाईट शब्द आहे. तो वापरायचा की नाही ते रकरनं सांगावं."

सगळे लोनीकडं पाहू लागले. त्यानं घोड्याच्या मानेवरची माशी हाकलली.

"नको," तो म्हणाला. "नको वापरू."

ग्रासीनं रायफलीतल्या गोळ्या एक एक करून काढल्या, एप्रनच्या खिशात टाकल्या आणि रायफल बेन्यातच्या हातात दिली. मग ती गाडीत गेली. बाहेर आली तेव्हा डोक्याला रुमाल होता आणि काखेत गाठोडं.

"मी पण जाते."

"कुठं?" बेन्यातनं विचारलं.

"ती जाते तिथं."

"बाई, आमच्याकडं जागा नाही," लोनी म्हणाला. "दोन खोल्यांची टिनाची गाडी हेच आमचं घर. आम्हीच एकमेकांवर आपटतो."

"जागा मी आणीन. खाली आमची दुसरी वॅगन आहे, हा घेऊन येईल. तुझ्या कुंपणाबाहेर उभी करीन. रस्ता सरकारचा आहे."

"मेंढपाळाची गाडी? माझ्या दारात?" तो हसायला गेला, पण ते हसू झालं नाही. त्यानं पोरीकडं पाहिलं. पोर आजीच्या गाठोड्याच्या गाठीशी खेळत होती. "ती झोपत नाही तिकडं," तो एकदम म्हणाला. "उठून बसते. तुमच्या भाषेत काहीतरी बोलते, आम्हाला कळत नाही. वर्ना तिच्याजवळ बसून रडते." त्यानं टोपी खाली ओढली. "बाहेर नको. कुंपणाच्या आत लावा. बाहेर असली की लोक विचारतात."

ग्रासी खेचरावर चढली. मिरेन बापाच्या पुढ्यात बसली. वळणावरून तिनं हात हलवला, आणि डबा कुठं ठेवलाय ते ओरडून सांगितलं. डोणीच्या मागं.

बेन्यात रायफल धरून तसाच उभा राहिला. दुपार झाली तरी त्यानं चूल पेटवली नव्हती. आपण हरलो की जिंकलो, की आपल्यातून एक जण तिकडच्या बाजूला गेला, हे त्याला उमजेना. एवढं कळत होतं की मेंढरं तहानली आहेत. तो फावडं घेऊन झऱ्याकडं गेला.

*

पाऊस ऑगस्टच्या शेवटी आला, तोही गडगडाट फार आणि पाणी थोडं. बेन्यातनं अर्धी मेंढरं काढून टाकली. उरलेली परतलेल्या गड्याच्या हवाली करून तो रविवारी पलीकडच्या खोऱ्यात जाऊ लागला, चीज आणि मटण घेऊन. त्याआधी जूनमध्येच वॅगन पोचवायला पहिल्यांदा गेला तेव्हा लोनीनं फाटक उघडलं आणि दोघांनी मिळून वॅगनच्या चाकांखाली दगड लावले. एकमेकांशी बोलले ते फक्त दगडांबद्दल. "तो मोठा घे." "हा बसत नाही." गुरंवाल्यांचं आणि मेंढपाळांचं तिकडं पिढ्यानपिढ्या वाकडं; त्यामुळं गुरं राखणाऱ्याच्या वाड्यात मेंढपाळाची पांढऱ्या छपराची गाडी पाहून रस्त्यानं जाणारे पिकअप हळू करायचे. लोनी त्यांच्याकडं पाठ करून काम करायचा.

डंपलिंग होता. खरंच होता, तांबडा, प्रचंड, तारांशी येऊन उभा राहणारा. मिरेन त्याला मुठीमुठीनं गवत चारायची आणि तो वासरासारखा जीभ लांब करून घ्यायचा. एवढ्या गरीब जनावरापासून कुणी पोरीला ओढून काढेल का? पण एवढ्या मोठ्या जनावरापाशी आपली पोर पाहून कुणाचं काळीज जागेवर राहील? बेन्यात दर रविवारी बैलाकडं पाहायचा आणि दर रविवारी दुसरंच काहीतरी वाटून परतायचा.

ऑक्टोबरात एकदा संध्याकाळी तो आणि ग्रासी वॅगनच्या पायरीवर बसले होते. ती वाळली होती. हाताला वर्नाच्या धुण्याच्या साबणाचा वास येत होता. दोघी मिळून कपडे धुवायच्या म्हणे. वर्नाला तिनं बीन्स शिजवायला शिकवलं होतं, आणि वर्ना तिला इंग्रजी मासिकातलं वाचून दाखवायची.

"झोपते का आता?" बेन्यातनं विचारलं.

"झोपते. माझ्याकडं झोपते. कधी तिकडं झोपते."

"आणि तो?"

ग्रासीनं पायरीवरची धूळ झटकली. "मागच्या आठवड्यात ती तापली होती. रात्रभर उभा होता इथं, या पायरीशी. आत ये म्हटलं तर आला नाही. मला वाटलं, संपलं, आता घरी जावं. दुसऱ्या दिवशी एक हातोडा सापडेना तर त्यानं दार असं आपटलं की माझ्या हातातली थाळी पडली."

"पोरीला काही..."

"नाही. पोर थाळीचे तुकडे गोळा करू लागली."

"मग काय वाटतं तुला?"

"मला काही कळत नाही, बेन्यात. इतके दिवस इथं राहून तेव्हापेक्षा कमी कळतं."

"मग चल घरी."

"म्हणूनच नाही येत," ती म्हणाली.

 घरी चूल थंड होती, कुत्री दाराकडं पाहत बसायची. हे तिला सांगावंसं त्याला वाटलं, पण ते तिला ठाऊक असणार. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि तिनं तो काढून घेतला नाही. डोंगरावरून आल्यापासून हे पहिल्यांदाच.

मिरेन समोर धुळीत बसून एका काटकीनं वाडा आखत होती. एकाच वाड्यात गाईही आणि मेंढ्याही. तेवढ्यात टिनाच्या गाडीतून लोनीची हाक आली. मोठी, खरखरीत.

"मिरेन! आत ये! आत्ता!"

दोघं म्हातारी एकदम उठून उभी राहिली. दोघांनाही आपण उठलो हे उठल्यावर कळलं.

मिरेननं काटकी टाकली, गुडघे झटकले आणि निघाली. धावत नाही, रेंगाळतही नाही. एका पायावर लंगडी घालत, मध्येच पाय बदलत. दार उघडलं, आतला पिवळा उजेड अंगणात पडला, आणि दार मिटलं. आत काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. मग कुणीतरी ओरडलं, किंवा हसलं.

"हसली ना?" बेन्यातनं विचारलं.

ग्रासीनं बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प केलं. दोघं मान वळवून ऐकत राहिली. अंगणात वारा सुटला होता.